माझ्याकडून लॅग आहे

रात्रीचे साडेदहा वाजले की आमच्या घराच्या आतल्या खोलीतून एक वाक्य ऐकू येऊ लागे : "सॉरी, माझ्याकडून लॅग आहे." सुरुवातीला ते वैतागाच्या सुरात येई, मग विनवणीच्या, आणि अकराच्या सुमारास ते इतके खाली उतरलेले असे की शब्द कळत नसत, केवळ सूर कळे. अकरावीत शिकणारा आमचा मुलगा कानांवर हेडफोन चढवून आपल्या चार सोबत्यांची क्षमा मागत असे. मग दार उघडे, तो स्वयंपाकघरात येऊन पाणी पिई आणि आमच्याकडे न पाहता झोपायला जाई.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. एक जण जुन्नरच्या बाजूला व्याकरण शिकवतो, दुसरी रोज एस.टी.ने आंबेगाव तालुक्यात मध्ययुगीन वाङ्मय शिकवायला जाते. अशा घरात परका शब्द शिरला की त्याचा बंदोबस्त करण्याआधी त्याचे प्रतिशब्द शोधले जातात. विलंब म्हणावे, तर त्यात करणाऱ्याचा संथपणा आला. दिरंगाई म्हणावे, तर त्यात ठपका आला. खोळंबा हा बाहेरून येतो, पण तो सर्वांचा मिळून होतो. 'लॅग'चे दुखणे यांपैकी एकातही मावत नाही. करणाऱ्याने वेळेवर केलेले असते. वाटेत उशीर होतो. आणि उशिराचा दोष मात्र करणाऱ्याच्या नावावर जमा होतो. आमच्या मुलाच्या वाक्यात आम्हांला 'लॅग' या शब्दापेक्षा 'माझ्याकडून' हा शब्द अधिक खुपला. 'कडून' हे शब्दयोगी अव्यय येथे कर्तृत्व सांगते. जे त्याने केले नव्हते त्याचा कर्ता तो रोज रात्री होत होता.

हे सारे आम्हांला पहिल्याच दिवशी सुचले, असा आव आणणे बरे नव्हे. पहिल्या दिवशी आम्ही इतर सर्व पालक म्हणतात तेच म्हणालो : बंद कर ते. या खेळांविषयी आमचे मत चांगले नव्हते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने 2025 साली कायदा करून बंदी आणली, ते प्रकरण निराळे. आमच्या मुलाच्या खेळात पैशाचा संबंध नव्हता. तरीही पाच जणांनी मिळून दुसऱ्या पाच जणांवर पडद्यावर गोळ्या झाडायच्या, यात वाङ्मयाच्या अध्यापकांना रस वाटावा असे काय असणार? पण त्याच्या पाच जणांतले दोघे मळ्यात राहतात. उसात बिबट्या असतो, म्हणून दिवस मावळल्यावर त्यांना घरचे लोक अंगणातही एकटे सोडत नाहीत. तिसरा दहावीनंतर पुण्याच्या वसतिगृहात गेला आणि चौथा मंचरला. ही पाच मुले शाळेत असताना शिवनेरीच्या पायथ्याशी क्रिकेट खेळत. आता त्यांचा कट्टा तेवढा एकच उरला होता, आणि त्या कट्ट्यावर आमचा मुलगा रोज उशिरा पोचत होता. एके रात्री तो पाणी पिता पिता म्हणाला, "मी वेळेवर दाबतो हो बाबा. पोचतं उशिरा. ते म्हणतात, उद्यापासून दुसऱ्याला घेऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही दुरुस्तीच्या मागे लागलो.

अज्ञानी माणूस प्रथम पैसे खर्च करतो. आम्ही इंटरनेटची जोडणी 40 एमबीपीएसची होती ती 100ची करून घेतली. वेग मोजायच्या संकेतस्थळावर काटा आनंदाने उजवीकडे गेला. आणि रात्री साडेदहाला आतून तेच वाक्य आले. येथे आमची चूक अर्थाची होती. ज्याला आपण 'स्पीड' म्हणतो तो खरे पाहता वेग नसून रुंदी आहे : एका सेकंदात किती माल जाऊ शकतो, याचे ते माप. एक चिमूटभर निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो, हे माप वेगळे. त्याला खेळणारी मुले 'पिंग' म्हणतात आणि ते मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात.

जुन्नरकरांना हे समजायला नाणेघाटाइतके चांगले उदाहरण नाही. कोकणातल्या बंदरांकडून जुन्नरकडे येणारी सातवाहन काळातली ही वाट. घाटमाथ्यावर लेण्यात नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, आणि खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, ज्यात जकातीची नाणी पडत असे परंपरा सांगते. कल्पना करा की माथ्यावरची सपाटीची वाट दुप्पट रुंद केली. त्याने एका वेळी अधिक बैल जातील हे खरे. पण रांजणापाशी रांग लागलेली असेल, तर एकट्या, हातात फक्त पत्र घेतलेल्या जासुदाला त्या रुंदीचा काय उपयोग? तो मिठाच्या गोण्यांमागे उभाच. खेळातले निरोप असे जासुदासारखे असतात : आकाराने अगदी लहान, पण सेकंदाला काही डझन, आणि प्रत्येकाला घाई.

मग अंतराचा हिशेब केला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मुलाच्या खेळाचा सर्व्हर मुंबईत आहे. वळसे धरून वाट 300 किलोमीटरची मानली तरी जाऊन-येऊन 3 मिलिसेकंद पुरेत. सर्व्हर सिंगापूरला असता, तर सुमारे 4,000 किलोमीटरच्या अंतरासाठी किमान 40 लागले असते आणि त्यावर कोणाचाच इलाज चालला नसता. आमच्या पडद्यावर मात्र आकडा कधी 35, कधी 180, तर कधी 400 असे. म्हणजे दोष अंतराचा नव्हता. अडथळा वाटेत कोठेतरी होता. आणि पाहता पाहता असे दिसले की तो घरातच होता.

ज्यांच्या घरी हाच रोग आहे त्यांच्यासाठी निदानाचा क्रम सांगतो. पाठभेद लावताना आपण प्रती समोरासमोर मांडतो, तसे आम्ही वहीत दोन रकाने आखले. एका रकान्यात संगणकापासून घरातल्या राउटरपर्यंतचा पिंग, दुसऱ्यात राउटरच्या पलीकडे बाहेरच्या जगापर्यंतचा. पहिला रकाना स्थिर आणि दुसरा बिघडलेला असेल, तर दोष घराबाहेरचा. तेव्हा जोडणी देणाऱ्याला ती वही दाखवावी. पहिलाच रकाना डळमळत असेल, तर बाहेरच्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. आमचा पहिला रकाना असा होता : 4, 6, 92, 5, 210, 7. राउटर आणि मुलगा यांच्यामध्ये अंतर होते पंचवीस फूट.

हे पंचवीस फूट पार करणे अवघड का, हे पाहण्यासारखे आहे. आमचे घर जुन्या वाड्याचा अर्धा भाग आहे. भिंती दगडमातीच्या, दीड हात जाडीच्या. राउटर ठेवला होता देवघराच्या कोनाड्यात, लोखंडी कपाटाच्या मागे, कारण तेथे तो दिसत नसे. रेडिओलहरी लोखंडावरून परततात आणि जाड भिंतीत विरतात. शिवाय आमचा संगणक 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बोलत होता. हा पट्टा दूरवर पोचतो, भिंतीही बऱ्यापैकी ओलांडतो, पण तो सर्व आळीचा सामाईक नळ आहे. त्यातल्या 1, 6 आणि 11 या तीनच वाहिन्या एकमेकींच्या अंगावर न येता नांदू शकतात. वाय-फायचा नियम सभ्य आहे : आधी ऐका, कोणी बोलत नसेल तरच बोला, दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबा आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. शेजारची सात घरे एकाच वाहिनीवर असली की ही सभ्यता महाग पडते. मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात गुणगुणते. आजींचे रात्रीचे दूध साडेदहाला गरम होत असे, हे आमच्या वहीतल्या नोंदींवरून ध्यानात आले, तेव्हा घरात बऱ्याच दिवसांनी हसू झाले.

राउटर कोनाड्यातून काढून मधल्या खोलीत उंचावर ठेवला. संगणक 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेला. त्याला भिंती कमी सोसतात, पण तेथे गर्दीही कमी असते. आणि शेवटी जे सर्वांत साधे होते ते केले : तुळईच्या कडेने एक लॅन केबल ओढली. पहिल्या रकान्यात सगळीकडे 1 आला. मुलाने तो आकडा मोबाईलवर टिपून मित्रांना पाठवला.

तरीही दुसरा रकाना साडेदहाला बिघडेच.

येथून पुढचा भाग सांगताना आम्हांला संकोच वाटतो. रात्री दहाला आम्ही दोघे काय करीत होतो? आम्ही दिवसभरात घेतलेली हस्तलिखितांची छायाचित्रे आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांच्या प्रती मोबाईलवरून मेघसंचयात चढवीत होतो. राउटरजवळ निरोप थांबवून ठेवायची एक जागा असते, तिला बफर म्हणतात. आमची जडशीळ छायाचित्रे त्या ओसरीत पथारी पसरून बसत आणि मुलाचे चिमुकले निरोप त्यांच्या मागे उभे राहत. रुंदी वाढवूनही काही न होण्याचे कारण हेच. मुलाच्या वाटेतल्या गोण्या आमच्याच होत्या.

या दुखण्यावर जगात बराच विचार झालेला आहे. 2012 साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' नावाची पद्धत मांडली. तिचे तत्त्व आम्हांला फार आवडले : रांग किती लांब आहे हे पाहू नका, रांगेत उभ्या असलेल्याला किती वेळ थांबावे लागले, ते पाहा. तिच्यातून पुढे निघालेली 'एफक्यू-कोडेल' ही पद्धत निरनिराळ्या प्रवाहांच्या रांगा वेगळ्या करते आणि लहान निरोपांना मोठ्यांच्या मागे कुजू देत नाही. ही सोय असलेला राउटर घ्यावा आणि त्यात आपल्या जोडणीची मर्यादा प्रत्यक्षाहून थोडी कमी लिहावी, म्हणजे रांग लागलीच तर आपल्या दारात लागते, जेथे तिला शिस्त लावता येते. आम्ही तसा राउटर घेतला, आणि छायाचित्रे चढवण्याची वेळ पहाटे चारची केली. वीज गेली तरी जोडणी राहावी म्हणून राउटर आणि फायबरची पेटी इन्व्हर्टरवर टाकली. साडेदहाचा आकडा 28 ते 34 यांच्यात स्थिरावला. त्या रात्री आतून बराच आरडाओरडा ऐकू आला, पण त्यात क्षमायाचना नव्हती.

येथे निबंध संपायला हरकत नव्हती. पण वहीतले ते दोन रकाने आमच्या डोक्यातून जाईनात, आणि त्याला कारण आमचा तालुका आहे.

संदेश दूरवर पोचवण्याशी जुन्नर तालुक्याचा संबंध जुना आहे. नारायणगावजवळच्या आर्वी येथे 1972 साली देशाच्या परदेशी दळणवळणासाठी पहिले उपग्रह भू-केंद्र सुरू झाले. त्याला विक्रम साराभाईंचे नाव दिले. भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचावर असतो. शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो आणि उत्तराला तेवढाच. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये अर्ध्या सेकंदाची पोकळी. ज्यांनी त्या काळी परदेशातल्या मुलाशी उपग्रहाच्या जोडणीवरून बोलणे केले असेल त्यांना ती पोकळी आठवत असेल : आपण "बरा आहेस ना?" विचारतो, पलीकडे शांतता, म्हणून आपण पुन्हा विचारतो, आणि नेमके तेव्हाच पहिले उत्तर येऊन दोन्ही वाक्ये एकमेकांवर आदळतात. त्या अर्ध्या सेकंदात आईच्या मनात काय काय येऊन जात असेल!

आर्वीपासून थोड्याच अंतरावर खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, जी सर्वजण 'जीएमआरटी' या नावाने ओळखतात. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यांपैकी 14 मध्यभागी दाटीने, तर 16 तीन दिशांना पसरलेल्या; टोकापासून टोकापर्यंतचे अंतर सुमारे 25 किलोमीटर. मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी, म्हणून ही जागा निवडली गेली. आपले मोबाईल तेथे बंद ठेवावे लागतात. आणि गंमत अशी की वाय-फायच्या जन्मातही रेडिओ-खगोलशास्त्राचा वाटा आहे. भिंतींवर आपटून येणाऱ्या प्रतिध्वनींच्या गोंधळातून मूळ संदेश वेगळा काढण्याची जी युक्ती ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेत 1990च्या दशकात सिद्ध झाली, त्या गटाचे प्रमुख जॉन ओ'सुलिव्हन हे मूळचे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ.

28 फेब्रुवारीला, विज्ञानदिनानिमित्त, खोडदला लोकांसाठी दारे उघडतात. काही वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. तेथे जे ऐकले त्याचा अर्थ त्या दिवशी आम्हांला लागला नाही, तो आता लागला. एखाद्या दूरच्या दीर्घिकेकडून आलेली लहर सर्व तबकड्यांवर एकाच क्षणी पडत नाही. आणि पडल्यावर काचतंतूतून मध्यवर्ती इमारतीत पोचायलाही जवळच्या तबकडीला कमी, दूरच्या तबकडीला अधिक वेळ लागतो. फरक सेकंदाच्या जेमतेम दहा हजाराव्या भागाचा; पण तेवढ्यानेही सर्व बिघडते. तेव्हा ते काय करतात? दूरच्या तबकडीला घाई करता येत नाही. म्हणून ते जवळच्या तबकड्यांचा संदेश धरून ठेवतात, नेमका तेवढाच वेळ, आणि शेवटची तबकडी येऊन पोचली की मग सर्वांना एकत्र ऐकतात. उशिरा आलेल्या तबकडीला तेथे कोणी वगळत नाही. उलट दूर असणे हाच तिचा गुण. ती दूर आहे म्हणूनच चित्र बारीक दिसते.

हे आठवले आणि त्याच्या पाठोपाठ 2020 सालचा एक तास आठवला.

टाळेबंदीचे ते महिने. आम्ही दोघे याच मधल्या खोलीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून आपापले तास घेत होतो. तास प्रथम वर्षाचा होता. आमच्यापैकी एक शिकवीत होती, दुसऱ्याचा तास संपलेला असल्याने तो ऐकत होता. मुलांची झोप उडावी म्हणून एकामागून एक सोपे प्रश्न चालले होते. वर्गात एक मुलगी होती, डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडची. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ गावच त्या पाण्याखाली गेले; त्या जलाशयाच्या वरच्या अंगाची ही वस्ती. प्रश्न झाला : "लीळाचरित्राचा कर्ता कोण?" दोन-तीन सेकंद शांतता. उत्तर आले नाही म्हणून पुढचा प्रश्न : "बरं, विवेकसिंधूचा कर्ता?" आणि लगेच त्या मुलीचा आवाज आला, उत्साहाने भरलेला : "म्हाइंभट!"

वर्ग हसला. आम्हीही हसलो, दोघेही. आणि आमच्या तोंडून एक वाक्य गेले, जे त्या वेळी आम्हांला चतुर वाटले होते : "अगं, तू कोणत्या शतकात आहेस?"

तिने पुन्हा माइक उघडला नाही. उरलेल्या वर्षात एकदाही नाही. सत्राच्या शेवटी अंतर्गत गुण भरताना 'वर्गातील सहभाग' या रकान्यात आम्ही तिला जे गुण दिले ते येथे लिहीत नाही. ते नियमाप्रमाणे होते, एवढेच सांगतो.

तिने पहिल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर वेळेवर दिले होते. ते वाटेत थांबले, आणि पोचले तेव्हा प्रश्न बदललेला होता. आम्ही दोघे राउटरपासून सहा फुटांवर बसलो होतो आणि आमची दोन-तीन सेकंदांची शांतता आम्हांला पुरेशी उदार वाटत होती. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर द्यायला वेळ लागला तर तो विचार करतो आहे की त्याला येत नाही, हे आपण चेहरा पाहून ओळखतो. चेहरे गेल्यावर आमच्यापाशी फक्त घड्याळ उरले होते, आणि घड्याळ नेहमी जवळच्याच्या बाजूचे असते.

मुलाला हे सांगितले तेव्हा त्याने आम्हांला जे सांगितले ते आम्हांला ठाऊक नव्हते. तो म्हणाला, चांगल्या खेळात सर्व्हर असे करीत नाही. सर्व्हर गेल्या काही क्षणांची नोंद ठेवतो : कोण कोठे उभा होता. उशिरा पोचलेल्या खेळाडूची गोळी आली की तो त्या खेळाडूचा उशीर मोजतो, काळ तेवढा मागे नेतो, आणि विचारतो : ज्या क्षणी याने चाप ओढला तेव्हा याला समोर काय दिसत होते? त्यावरून निवाडा देतो. याला 'लॅग कॉम्पेन्सेशन' म्हणतात. यातही अन्याय होतो. भिंतीआड पोचलेला खेळाडू आपण सुटलो असे समजतो आणि तरीही पडतो, म्हणून जवळचे लोक कुरकुरतात. मागे नेण्यालाही मर्यादा असते. फार उशीर झाला, तर सर्व्हरही हात टेकतो. आमच्या मुलाचे तेच होत होते. पण तत्त्व असे की उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे, हे आधी पाहावे. गोळीबाराच्या खेळाला जे सुचले ते वाङ्मयाच्या वर्गाला सुचू नये, याची आम्हांला लाज वाटली. आळे गावात, आमच्याच तालुक्यात, ज्ञानेश्वरांनी वेद बोलवलेल्या रेड्याची समाधी आहे. ज्याच्याकडून उत्तराची अपेक्षाच नव्हती त्याच्या उत्तरासाठी कोणीतरी थांबले, ही ती कथा. ती आम्ही दरवर्षी शिकवतो.

मागच्या हिवाळ्यात घोडेगावच्या एस.टी. स्थानकावर ती मुलगी भेटली. आमच्यापैकी दोघेही त्या दिवशी बरोबर होतो, हा योगच. तिने बी.ए. पूर्ण केले होते आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करीत होती. नमस्कार-चमत्कार झाले, घरची चौकशी झाली. मग आम्ही तो तास काढला आणि जे म्हणायचे होते ते म्हणालो. स्थानकावर जसे म्हणता येते तसे, अर्धवट, गाडीकडे एक डोळा ठेवून. ती आधी हसली. म्हणाली, "मॅडम, मी तेव्हा टेकाडावर बसायचे. खाली घरात रेंजच नव्हती. पाऊस आला की छत्री धरायची भावाने." मग थोडे थांबून म्हणाली, "दुसऱ्याचं पण येत होतं मला. मुकुंदराज."

आम्ही दोघेही काही बोलू शकलो नाही. तिची गाडी लागली आणि ती गेली.

ते गुण आता बदलता येत नाहीत. तेवढा काळ मागे नेणारा सर्व्हर विद्यापीठाकडे नाही, आमच्याकडेही नाही. आम्ही एवढेच करतो की वर्गात प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजतो. पाचापर्यंत पुढच्या बाकांवरची मुले चुळबुळ करतात. त्यांना येत असते आणि त्यांना धरून ठेवणे हे खोडदच्या जवळच्या तबकड्यांना धरून ठेवण्याइतके सोपे नाही. सातव्या-आठव्या आकड्याला कधी कधी मागून एखादा आवाज येतो. दरवेळी येतो असे नाही.

घरी लॅन केबल अजून तुळईच्या कडेनेच आहे. उंदरांनी तिच्याकडे लक्ष दिलेले नाही, ही त्यांची कृपा. आजींचे दूध गॅसवर तापते. परवा रात्री आतून मुलाचा आवाज आला. तो पुण्यातल्या त्या मित्राला सांगत होता, ज्याच्या वसतिगृहात शंभर मुले एका राउटरवर आहेत : "तुझ्याकडून नाही रे, तुझ्या नेटकडून आहे. थांबतो आम्ही. ये."